आगाऊ अभिप्राय

आपल्या भाषेंत ‘आगाऊ’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. भाडें आगाऊ देतात, मालाची मागणी आगाऊ नोंदवितात, तेथें तो शब्द ‘वेळेच्या आधीं’ एवढेंच सांगतो. पण घरांतलें एखादें पोर वडील माणसांच्या बोलण्यांत मध्येंच तोंड घालूं लागलें कीं त्यालाही आपण आगाऊच म्हणतों. दर गुरुवारीं वृत्तपत्रांतून, आणि अलीकडे हातांतल्या फोनवरून, ‘या आठवड्याचे नवे चित्रपट’ अशा मथळ्याखालीं जो मजकूर आपल्यापुढें येतो, त्याला आगाऊ अभिप्राय म्हणावयाचें तर यांतला कोणता अर्थ घ्यावा, हा प्रश्न मला बरेच दिवस पडलेला आहे. चित्रपट शुक्रवारीं यावयाचा असतो. लिहिणारानें तो बहुधा पाहिलेला नसतो. तरीही कोणता पाहावा, कोणता टाळावा आणि कोणता ‘चालेल’, हें तो ठाम स्वरांत सांगून मोकळा होतो. पान वाढण्यापूर्वींच आमटी खारट झाली म्हणणाऱ्याला आपण हंसतों. येथें मात्र अशाच माणसाच्या शब्दावर तिकिटें काढतों, किंवा काढावयाचीं राहतों.

या प्रकाराची टिंगल करणें सोपें आहे, आणि वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांतून करणें तर फारच सोपें. परंतु वाचकाची गरज खोटी नाहीं. चौघांचें कुटुंब एका संध्याकाळीं चित्रपटास निघालें तर तिकिटें, जाण्यायेण्याचा खर्च आणि मुलांचें खाणेंपिणें मिळून महिन्याच्या जमाखर्चांत डोळ्यांवर येईल एवढी रक्कम जाते. पुस्तक दुकानांत उभ्या उभ्या चाळतां येतें. नाटकाचा पंधरावा प्रयोग पाहून आलेला शेजारी चार शब्द सांगूं शकतो. पहिल्या दिवशींच्या चित्रपटाला यांपैकीं कोणताच आधार नसतो. अशा वेळीं कोणी जाणत्यानें चार गोष्टी आधीं सांगाव्यात, अशी अपेक्षा करण्यांत गैर कांहींच नाहीं. तेव्हां आगाऊ अभिप्राय असावा कीं नसावा, हा वाद मी मांडीत नाहीं. तो कशाच्या आधारावर द्यावा, कोणत्या मर्यादेंत द्यावा, आणि दिल्यानंतर त्याची जबाबदारी कोणीं घ्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा व्यवहार आजचा नव्हे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें सर्व लोकांसाठीं लागला तो ३ मे १९१३ रोजीं. परंतु त्याच्या बारा दिवस आधीं, २१ एप्रिल रोजीं, ऑलिंपिया थिएटरांत तो निमंत्रितांस दाखविण्यांत आला होता. शहरांतील प्रतिष्ठित मंडळींनीं आणि वृत्तपत्रकारांनीं तो आधीं पाहावा व त्यांच्या तोंडून त्याची वार्ता गांवभर व्हावी, हा त्यांतला हेतु उघड आहे. म्हणजे आपल्याकडे आगाऊ अभिप्राय हा चित्रपटाहून बारा दिवसांनीं थोरला आहे. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे: त्या मंडळींनीं बोलण्यापूर्वीं चित्रपट पाहिला होता.

त्याच चित्रपटाच्या दुसऱ्या एका आगाऊ वर्णनाची गोष्ट प्रसिद्ध आहे. सुरतेस प्रेक्षक फिरकेनात, तेव्हां अवघ्या ३ आण्यांत ५७,००० छायाचित्रांचा आणि २ मैल लांबीचा खेळ पाहावयास मिळेल, अशी जाहिरात फाळक्यांनीं केली, असें सांगतात. ही गोष्ट सांगून लोक कौतुकानें हंसतात. आकडे सहसा कोणी पडताळून पाहत नाहीं. चित्रपट सुमारें ३,७०० फूट लांबीचा होता. या फितीच्या एका फुटांत १६ चित्रें बसतात. त्या हिशेबानें चित्रांची संख्या ५९,००० च्या आसपास येते, आणि जाहिरातींतला ५७,००० चा आकडा बराचसा खरा ठरतो. मैलांचा हिशेब मात्र निराळा आहे. ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही भरत नाहीं. दोन मैल म्हणतांना लांबी जवळजवळ तिप्पट झाली. एक खरा आकडा आणि एक फुगविलेला आकडा असे एकाच वाक्यांत शेजारीं शेजारीं बसले आहेत, आणि पहिल्याच्या भरंवशावर दुसराही खपून जातो. फाळक्यांस यासाठीं दोष देण्याचें माझ्या मनांत नाहीं. ते आपला माल विकीत होते, आणि तें लपवीतही नव्हते. पण विक्रेत्याचा हा मिश्र स्वर आज टीकाकाराच्या लेखणींत उतरला आहे. ‘बहुप्रतीक्षित’, ‘भव्यदिव्य’, ‘मनाला भिडणारी कथा’ हे शब्द चित्रपट न पाहतां लिहिलेल्या मजकुरांत जेव्हां येतात, तेव्हां त्यांतले फूट कोणते आणि मैल कोणते, हें वाचकानें कसें ओळखावें?

पूर्वीं या मिश्रणानें फारसें बिघडत नसे, कारण चुकीचा अभिप्राय पुसून टाकण्यास चित्रपटाला अवधि मिळे. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १२ डिसेंबर १९३६ रोजीं मुंबईच्या सेंट्रल सिनेमांत लागला, आणि तेथें वर्षाहून अधिक काळ चालला. पहिल्या आठवड्यांत कोणीं त्याच्याविषयीं कांहींही म्हटलें असतें, तरी वर्षभर रोज बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांच्या चेहऱ्यांपुढें तें टिकलें नसतें. याहून ठळक उदाहरण ‘शोले’चें. तो १५ ऑगस्ट १९७५ रोजीं लागला. सत्तर मिलिमीटरचा पडदा, एकाहून एक नामांकित नट आणि मोठा खर्च यांचा गाजावाजा आधीं पुष्कळ झालेला होता. पहिल्या दिवसांत प्रेक्षक गप्प बसलेले पाहून धंद्यांतील जाणत्यांनीं तो पडल्याचा निर्वाळाही देऊन टाकला. शेवट बदलून पाहावा कीं काय, असा विचार खुद्द करणारांच्या मनांत यावा, इतकी ती हवा जड झाली होती. पुढें तोच चित्रपट मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहांत पांच वर्षांहून अधिक काळ राहिला. प्रेक्षकांचें तें गप्प बसणें नापसंतीचें नव्हतें हें कळण्यास कांहीं आठवडे लागले. आणि ते आठवडे मिळाले म्हणूनच तें कळलें.

आतां ते आठवडेच मिळत नाहींत. एका चित्रपटगृहांत एक पडदा आणि त्यावर एक चित्रपट, ही व्यवस्था मागें पडून एकाच इमारतींत पांच-सहा पडदे असलेलीं मल्टिप्लेक्सें आलीं. रिळांच्या पेट्या गांवोगांव फिरविण्याऐवजीं चित्रपट एकाच दिवशीं शेंकडों ठिकाणीं पोहोंचूं लागला. सोय झाली हें खरेंच. पण त्याच सोयीमुळें कोणत्या पडद्यावर कोणत्या वेळीं काय लावावें, हें चालकाला रोजच्या रोज बदलतां येऊं लागलें. शुक्रवार, शनिवार, रविवार या तीन दिवसांत खुर्च्या भरल्या नाहींत, कीं संध्याकाळचा खेळ सकाळवर जातो, आणि पुढच्या शुक्रवारीं तोही जातो. मराठी चित्रपटाला हा फटका अधिक बसतो, कारण हिंदी आणि इंग्रजी चित्रपटांशीं त्याची स्पर्धा त्याच इमारतींत, त्याच तासाला असते. एप्रिल २०१५ मध्यें राज्य सरकारनें मल्टिप्लेक्सांत सायंकाळीं ६ ते ९ या वेळेंत मराठी चित्रपट दाखविण्याची सक्ती जाहीर केली. वाद माजल्यावर ती मर्यादा दुपारीं १२ ते रात्रीं ९ अशी सैल करण्यांत आली. सरकारला घड्याळांत हात घालावा लागला, यावरूनच खेळाची वेळ ही काय चीज आहे तें दिसून येईल. सकाळीं साडेनऊच्या खेळाला नोकरदार माणूस येत नाहीं. तो येत नाहीं म्हणून चित्रपट ‘चालत नाहीं’. आणि चालत नाहीं म्हणून साडेनऊचा खेळही बंद होतो.

आगाऊ अभिप्रायाचें बळ वाढलें तें येथें. ज्याचें आयुष्य तीन दिवसांचें, त्याला पाहून आलेल्यांचें मत उपयोगी पडत नाहीं. तें पसरेपर्यंत चित्रपट निघून गेलेला असतो. उरतें तें न पाहिलेल्यांचें मत. ‘घाई नाहीं, सवडीनें पाहिला तरी चालेल’ हें गुरुवारचें सौम्य वाक्य लहान चित्रपटाच्या मुळावर येण्यास पुरेसें आहे, कारण त्याला सवड नसतेच. टीकाकाराला वाटतें, आपण भविष्य वर्तविलें आणि तें खरें ठरलें. वस्तुतः तें खरें करण्यांत त्याच्या लेखणीचाही हातभार लागलेला असतो, आणि याची त्याला जाणीवही नसते.

असें हें मोठें सामर्थ्य ज्याच्या हातीं आहे, तो गुरुवारीं कोणत्या पुराव्यावर लिहितो? त्याच्यापुढें मुख्यतः चार गोष्टी असतात: चित्रपटांतील माणसांचीं नांवें, आधीं बाहेर आलेलीं गाणीं, ट्रेलर, आणि चित्रपटास कोठें मानसन्मान मिळाला असल्यास त्याची वार्ता. या चारही साक्षीदारांची उलटतपासणी करून पाहण्यासारखी आहे.

पहिला साक्षीदार नांवांचा. ‘संत तुकारामां’त तुकोबांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस हे रंगभूमीवर स्त्रीभूमिकांसाठीं परिचित असलेले नट होते. नांवावरून भाकीत करणारा टीकाकार त्या वेळीं असता, तर ही निवड म्हणजे शुद्ध अविचार, असें त्यानें लिहिलें असतें. आणि नांवांपलीकडे त्याच्यापाशीं कांहींच नसल्यामुळें तें वाजवीही दिसलें असतें. आज तुकोबांचें चित्र मनांत आणूं गेल्यास अनेकांस पागनिसांचाच चेहरा दिसतो. ‘शोले’च्याच वर्षीं, १९७५ सालीं, ‘जय संतोषी माँ’ नांवाचा एक चित्रपट आला. खर्च बेताचा, आघाडीच्या नटांपैकीं कोणी नाहीं, कथा एका व्रताची. नांवांच्या तराजूंत घातला तर पारडें हललें नसतें. त्या चित्रपटाला लोक पायांतल्या वहाणा काढून बसूं लागले आणि पडद्यावर फुलें व नाणीं उधळूं लागले. जिचें व्रत शुक्रवारचें, त्या देवीनेंच शुक्रवारच्या ज्योतिष्यांची अशी फजिती करावी, यांत एक प्रकारचा न्याय आहे. कलाकृति म्हणून त्या चित्रपटाची योग्यता मोठी होती असें मी म्हणत नाहीं. नांवांच्या यादीवरून चित्रपट आणि प्रेक्षक यांच्यामध्यें काय घडेल तें कळत नाहीं, एवढेंच मला म्हणावयाचें आहे.

दुसरा साक्षीदार गाण्यांचा. येथें मला माझीच चूक सांगितली पाहिजे. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजीं लागला. त्यापूर्वीं अजय-अतुल यांचीं गाणीं लग्नाच्या मांडवांपासून रिक्षांपर्यंत सर्वत्र वाजत होतीं. ‘फँड्री’सारखा संयमी चित्रपट करणाऱ्या दिग्दर्शकाला या नाचगाण्यानें गिळलें, असें मत मीं चित्रपट न पाहतांच बनविलें, आणि चार मित्रांस ऐकविलेंही. तें छापलें नाहीं, एवढेंच माझें सुदैव. चित्रपटगृहांत गाण्यांवर लोक उठून नाचत होते, तोंवर माझें मत मला खरेंच वाटत होतें. मग चित्रपटाचा उत्तरार्ध आला. पळून गेलेल्या दोन पोरांचा परक्या शहरांतला संसार आला. आणि अगदीं शेवटच्या प्रसंगांत तर आवाजच थांबला. मघाशीं नाचणारीं तींच माणसें अंधारांत निश्चल बसलीं होतीं. तीं गाणीं त्या शांततेच्या तयारीसाठीं होतीं. जी जात या पोरांना जगूं देत नाहीं, तिचें खरें रूप दाखविण्याआधीं त्या पोरांच्या आनंदांत प्रेक्षकाला पुरतें सामील करून घेणें दिग्दर्शकाला अवश्य वाटलें होतें. गाणीं सुटीं ऐकून हें कळणें शक्यच नव्हतें. माझा पुरावा खोटा नव्हता, अपुरा होता. आणि मीं त्याच्यावर पुऱ्याचा निकाल दिला होता.

तिसरा साक्षीदार ट्रेलर. दोन-अडीच तासांच्या चित्रपटांतून दोन-तीन मिनिटें निवडून हा तुकडा तयार होतो, आणि तो तयार करण्यामागें विकण्याखेरीज दुसरा हेतु नसतो. विनोदी चित्रपटांतले चार उत्तम विनोद त्यांत येऊन जातात, आणि मग चित्रपटांत तेवढेच चार निघाले तर प्रेक्षकाला फसल्यासारखें होतें. ज्याचें मर्म संथपणांत आहे असा चित्रपट याहून अधिक नाडला जातो. नदीचें पाणी ओंजळींत घेऊन दाखवितां येतें, पण तिचा ओघ दाखवितां येत नाहीं. ट्रेलरचें तसेंच आहे. त्यावरून छायाचित्रणाचा दर्जा कळेल, नटांची बोलण्याची धाटणी कळेल, भाषा कोल्हापुरी आहे कीं पुणेरी तें कळेल. कथेची बांधणी त्यावरून कळत नाहीं. आणि नेमक्या तिच्याविषयींच गुरुवारचीं मतें सर्वांत ठाम असतात.

चौथा साक्षीदार मानसन्मानांचा. याची साक्ष दोन्ही बाजूंनीं दिशाभूल करते. ‘शोले’ला त्या वर्षींच्या फिल्मफेअर पारितोषिकांपैकीं एकच, संकलनाचें, मिळालें, आणि तें माधव शिंदे यांच्या वांट्यास आलें, पारितोषिकांच्या संख्येवरून त्या चित्रपटाचें माप काढूं गेल्यास काय होईल तें उघड आहे. उलट चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ घ्या. २०१४ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याला दोन पारितोषिकें मिळालीं, मागाहून राष्ट्रीय सुवर्णकमळही मिळालें, आणि १७ एप्रिल २०१५ रोजीं, म्हणजे वर सांगितलेला खेळांच्या वेळेचा वाद चालू असतांनाच, तो चित्रपटगृहांत आला. अशा चित्रपटाला आपल्याकडे ‘महोत्सवी’ असें एक विशेषण लावण्यांत येतें. वरकरणी तें स्तुतीचें दिसतें; व्यवहारांत त्याचा अर्थ ‘तुमच्याआमच्यासाठीं नव्हे’ असा होतो. वास्तविक ‘कोर्ट’इतका ओळखीचा चित्रपट मराठी मध्यमवर्गाला क्वचित् पाहावयास मिळाला असेल. त्यांतली सरकारी वकील बाई दिवसभर एका म्हाताऱ्या शाहिराला शिक्षा व्हावी म्हणून कायद्याचीं कलमें वाचते. मग लोकल गाडीनें घरीं येते, स्वैंपाक करते, सुटीच्या दिवशीं नवऱ्यामुलांसह मराठी नाटकाला जाते. तिच्यांत दुष्टपणा कोठें शोधूनही सांपडत नाहीं, आणि अन्याय तर डोळ्यांदेखत होत असतो. हें पाहतांना अस्वस्थ व्हावयाचें तें आपल्याच घरांतलें माणूस ओळखूं आल्यामुळें. ‘महोत्सवी’ या एका शब्दानें हा आरसा ज्यांच्यापुढें धरावयाचा, त्यांनाच दाराबाहेर थांबविलें.

चारही साक्षीदार असे अर्धवट. तरीही गुरुवारीं लिहावयाचें तर आहेच. मग लिहावें कसें? मला वाटतें, प्रामाणिक आगाऊ अभिप्रायाला चार पथ्यें पुरेशीं आहेत. चित्रपट पाहिला आहे कीं नाहीं, हें पहिल्याच ओळींत सांगावें. जें ठाऊक आहे तें आणि जो तर्क आहे तो, हीं दोन्ही वेगळीं ठेवावीं. स्वतःचा पूर्वग्रह वाचकाला सांगून टाकावा, म्हणजे त्याला तो वजा करतां येईल. आणि चित्रपट चालेल कीं नाहीं, याविषयीं अवाक्षर काढूं नये.

शेवटचें पथ्य सर्वांत अवघड आहे, कारण आज लेखांचा निम्मा भाग याच चर्चेंत जातो. पहिल्या दिवशीं किती कोटी, तीन दिवसांत किती कोटी, याचीं भाकितें रसिकतेच्या थाटांत छापलीं जातात. कवितासंग्रहाचें परीक्षण करतांना त्याच्या किती प्रती खपतील याचा अंदाज कोणी देत नाहीं. दिला तर त्याला आपण टीकाकार न म्हणतां दलाल म्हणूं. चित्रपटांत पुष्कळांचा पैसा गुंतलेला असतो, म्हणून त्या पैशाची चिंता करणारीं माणसें असणें रास्तच आहे. त्यांचीं स्वतंत्र पत्रेंही आहेत. वाचकाचा प्रश्न ‘मी पाहूं काय’ असा असतो. त्याला ‘इतर पाहतील काय’ याचें उत्तर देणें म्हणजे त्याला स्वतःची आवड नाहीं असें गृहीत धरणें होय. जो चित्रपट चालणार नाहीं असें दिसतें, तो अनेकदां तेवढ्याचसाठीं लवकर पाहावयास हवा, ही साधी गोष्ट या कोटींच्या गोंगाटांत कोणी सांगत नाहीं.

हीं पथ्यें पाळून लेखन कसें होईल, याचा नमुना देणें माझें कर्तव्य आहे. ‘कोर्ट’ लागण्याच्या आदल्या दिवशीं, गुरुवार ता. १६ एप्रिल २०१५ रोजीं, तो न पाहिलेल्या टीकाकारास साधारणतः असें लिहितां आलें असतें:

“उद्यांपासून ‘कोर्ट’ लागत आहे. मीं तो अद्याप पाहिलेला नाहीं. चैतन्य ताम्हाणे यांचा पूर्ण लांबीचा हा पहिलाच चित्रपट. एका सफाई कामगाराचा मृत्यु होतो. शाहिराच्या गाण्यानें त्याला आत्महत्येस प्रवृत्त केलें, असा आरोप ठेवून त्या शाहिरावर खटला भरण्यांत येतो. मुंबईच्या न्यायालयांत ऐकूं येतात तशा मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा भाषा यांत आहेत. लांबी दोन तासांच्या आंत आहे. परदेशांत व देशांत याला मोठे सन्मान मिळाले आहेत. तेवढ्यावरून भिण्याचें कारण नाहीं आणि भाळण्याचेंही नाहीं. टेबलावर मुठी आपटणारे वकील पाहण्याची आपल्याला संवय आहे. ते येथें नसावेत असा माझा तर्क आहे, आणि तो केवळ तर्क आहे. तशा वकिलांचा मला स्वतःला कंटाळा आलेला असल्यामुळें मी या चित्रपटाकडे आशेनें पाहत आहें. हा माझा पक्षपात वाचकांनीं हिशेबांत घ्यावा. पाहावयाचा असल्यास रविवारच्या आंत पाहावा. पुढें खेळ कोणत्या वेळीं राहील, आणि राहील कीं नाहीं, हें सांगवत नाहीं.”

यांत आमटीची चव सांगितलेली नाहीं. कोणत्या डाळीची आहे आणि कोणीं केली तेवढें सांगितलें आहे. तरीही हें मत नाहीं असें कोण म्हणेल? लिहिणाराची आवड यांत दिसते, आग्रह दिसतो, आणि वाचकाला निर्णय करण्यास लागतें तें सर्व मिळतें. मुलांना न्यावें कीं नाहीं, हा आईबापांचा प्रश्न तर याहूनही सोपा आहे. २०२३ च्या कायदेदुरुस्तीनंतर ‘यूए’ या वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षें असे तीन टप्पे झाले आहेत. प्रमाणपत्रावरचा हा आकडा दिला तरी गुरुवारच्या दहा विशेषणांहून त्याचा उपयोग अधिक होईल.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाहीं. असें जपून जपून लिहिलेलें वाचणार कोण? गुरुवारच्या सदराची गोडी त्याच्या उद्धटपणांत आहे. एखाद्या चित्रपटाच्या नांवाचीच खिल्ली उडवावी, एखाद्या नटाच्या चौदाव्या सारख्याच भूमिकेवर एक ओळ टाकावी, यांत वाचकालाही मौज वाटते. मला ती मौज कबूल आहे. उद्धटपणाला माझी हरकत नाहीं. तो पाहिलेल्या वस्तूविषयीं असावा, एवढेंच मागणें आहे. भित्तिपत्रक पाहिलें असेल तर भित्तिपत्रकाला मनसोक्त झोडपावें. ट्रेलरांत नायिकेला अडीच मिनिटांत एकही वाक्य बोलूं दिलेलें नसेल तर तें दांत काढून सांगावें. त्याच दिग्दर्शकाचे मागचे तीन चित्रपट कंटाळवाणे वाटले असतील तर तोही पुरावाच आहे; तो मांडावा. परंतु ‘म्हणून हाही तसाच आहे’ असें न म्हणतां ‘म्हणून मी साशंक आहें’ असें म्हणावें. या दोन वाक्यांत तीन-चार शब्दांचेंच अंतर आहे, पण एका लहान चित्रपटाचा पहिला रविवार त्या अंतरावर अवलंबून असूं शकतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. गुरुवारचा लेखक नेहमीं स्वतंत्र असतो असें नाहीं. ज्या नटाची मुलाखत त्यानें बुधवारीं घेतली, त्याच्याच चित्रपटाविषयीं त्याला गुरुवारीं लिहावयाचें असतें. ज्या पानावर लिहावयाचें त्याच पानावर खालीं त्या चित्रपटाची जाहिरात असते. अशा लेखकाला पथ्यें सांगून काय होणार? खरें आहे. पण म्हणूनच चौथ्या पथ्याच्या पुढें एक जोड द्यावीशी वाटते: आगाऊ बोलणारानें मागाहून हिशेब द्यावा. सोमवारीं, महिन्यानें, निदान वर्षअखेरीस त्यानें आपलीं भाकितें पुढें मांडावीं आणि कोठें चुकलों तें सांगावें. ज्याला हा हिशेब द्यावयाचा आहे, तो विकत घेतलेलें विशेषण वापरतांना दोनदां विचार करील. ज्योतिषी चुकल्याचें यजमान विसरतात, यावर ज्योतिषाचा धंदा चालतो. टीकेचा धंदा तसा चालतां कामा नये.

या कामीं मासिकांना विशेष जागा आहे असें मला वाटतें. मासिक नेहमीं उशीरां पोहोंचतें. त्यांत एखाद्या चित्रपटाविषयीं वाचावें तोंवर तो बहुतेक ठिकाणांहून उतरलेला असतो, आणि म्हणून कोणाच्या तिकिटाला आमच्या लेखांचा उपयोग नाहीं, अशी तक्रार ऐकूं येते. ती मान्य करूनही म्हणतां येईल कीं उतरून गेलेल्या चित्रपटाला न्याय देण्याची जागाही कोठें तरी असावयास हवी. गुरुवारीं ज्याला एका ओळींत निकालांत काढलें, त्याच्याविषयीं महिन्यानें दोन पानें सावकाश लिहिलीं गेलीं, तर त्या चित्रपटाचे गेलेले खेळ परत येणार नाहींत. पण त्याच माणसांच्या पुढल्या चित्रपटाविषयीं गुरुवारीं लिहूं बसणाऱ्याला ती दोन पानें आठवतील. ‘सैराट’विषयीं मित्रांपुढें दिलेला माझा निकाल मीं येथें सांगितला तो याच हेतूनें. कालच्याच गुरुवारीं येणाऱ्या चित्रपटांची यादी वाचून माझीं तीन मतें तयार झालीं आहेत. तीं मीं एका कागदावर लिहून ठेविलीं आहेत. आणि चित्रपट पाहून येईपर्यंत तो कागद कोणास दाखविणार नाहीं.